बैल विकू, की दहा गाई घेऊ?

पत्र बरंच लांब होतं, नाव-गाव काढून थोडक्यात देते.

बीड जिल्ह्यातला 31 वर्षांचा मुलगा. डिप्लोमा करून सहा वर्षं चाकणला कंपनीत होता, दोन वर्षांपूर्वी गावी परत आला. घरची 4 एकर जमीन, त्यातली दीड एकर विहिरीखाली, पण विहीर फेब्रुवारीपर्यंतच, मग तळ दिसतो. बाकी सगळं पावसावर. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा आणि अर्धा एकर ज्वारी. दावणीला वडिलांची बैलजोडी, एक गावरान गाय, एक कालवड, शिवाय आईच्या सहा शेळ्या आणि दहा-बारा कोंबड्या. मुलानं वर्षभराचा हिशोब एक्सेलमध्ये मांडला तर जनावरांच्या खात्यावर 60 हजारांच्या वर तोटा निघाला. आता त्याला दोनच रस्ते दिसतायत. एक तर सगळी जनावरं विकून ट्रॅक्टर भाड्यानं लावायचा आणि फक्त पिकं घ्यायची, नाहीतर 10 लाखांचं लोन काढून दहा एचएफ (होल्स्टीन, जास्त दुधाच्या विदेशी जातीच्या) गाई आणायच्या, मुक्त संचार गोठा (जनावरं न बांधता मोकळी ठेवायचा) करायचा, 'करायचं तर धंद्यासारखं'. वडील दोन्हीला नाही म्हणतात, दावण मोकळी करायची नाही आणि कर्ज पण नको. घरात तीन महिने धड बोलणं नाही. पत्राच्या शेवटी कंसात एक ओळ आहे, 'बायको म्हणते गाई आणल्या तर मी शेणाला हात लावणार नाही, पण तो वेगळा विषय आहे.' आणि प्रश्न असा, बरोबर कोण, मी की बाबा?

*

तुला अरेतुरे केलं तर चालेल ना, माझ्या थोरल्याच्या वयाचा आहेस.

मी त्या कंसापासूनच सुरू करते. तो वेगळा विषय नाहीये रे, अर्धा विषय तोच आहे. दहा गाईंचं शेण रोज दीड-दोन क्विंटल होतं, ते पहाटे पाचला कुणीतरी काढायचं असतं, धारा काढायच्या असतात, डेअरीची गाडी यायच्या आत कॅन भरायचा असतो, संध्याकाळी परत तेच, आणि यात रविवार नाही, पाहुण्याचं लग्न नाही, बाळंतपण नाही. मुक्त संचार गोठ्यात शेण रोज काढावं लागत नाही हे खरं, तू बघितलेल्या व्हिडिओंत तेच दाखवलं असणार, पण धारा, वैरण आणि आजारपण काही कमी होत नाही. लोनसाठी केलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तू मजूर धरलास का? पत्रात तरी दिसला नाही. मग मजूर कोण, ते तुझ्या बायकोला तुझ्या आधी कळलंय. ती नाही म्हणतेय ते कामाला घाबरून म्हणतेय असं मला वाटत नाही, तिला न विचारता तिला कामाला लावलंय म्हणून म्हणतेय.

आता तुझी शीट. फोटो पाठवलेस ते बरं केलंस, मी दोनदा बघितले. मेहनत आहे, आमच्याकडे एवढी नोंद कुणी ठेवत नाही, त्यामुळे आधी शाबासकी. पण त्यात एक मोठी गडबड आहे. घरच्या ज्वारीचा कडबा जनावरांनी खाल्ला तो तू बाजारभावानं जनावरांच्या खर्चात टाकलास, ठीक आहे, पण तोच कडबा ज्वारीच्या उत्पन्नात जमा कुठे आहे? नाहीच. म्हणजे ज्वारी पण परवडत नाही असं दिसतंय आणि जनावरं पण परवडत नाहीत असं दिसतंय, आणि मधल्या मधे कडबा हवेत गेला. तूर आणि हरभऱ्याचं भुसकट, तेही तसंच. घरात रोज खाल्लेलं दूध-ताक शून्य धरलंस. शेणखत शून्य. शेळ्यांच्या समोर बोकडाची एकच विक्री लिहिलीयस आणि मला पक्की खात्री आहे की सहा उस्मानाबादी शेळ्यांमागे वर्षात एकच बोकड विकला गेलेला नाही, बाकीचे तुझ्या आईनं विकलेत आणि ते पैसे कुठे गेले ते तिला माहितीय, आणि ते तिनं तुला सांगावं असं तिला वाटलं नसेल तर ते तिचं बरोबरच आहे.

हे सगळं नीट भरलंस तर तोटा बराच खाली येईल. पण थांब, लगेच बाबांना जिंकवू नकोस, कारण शून्य धरलेला आणखी एक रकाना आहे, घरच्यांची मेहनत. आई सकाळ-संध्याकाळ मिळून चार-पाच तास जनावरांमागे असते असं तूच लिहिलंयस. त्याची मजुरी धरली तर तोटा परत वर जातो. एका बाजूचं शून्य काढायचं तर दुसऱ्या बाजूचंही काढायला पाहिजे.

शेणखताबद्दल जरा खोलात जाऊया, कारण इथे लोक दोन्हीकडून वाट्टेल ते बोलतात. मोठं जनावर दिवसाला 10-12 किलो शेण टाकतं. तुझी तीन मोठी आणि कालवड मिळून वर्षाला बारा-तेरा टन ओलं शेण, ते कुजून, वाळून, निम्म्याच्या आसपास खत उरतं, समजा सहा टन. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का, म्हणजे टनाला 5 किलो, सहा टनांचं 30 किलो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत साधारण 21 किलो नत्र असतं आणि गोणी मिळते 266 रुपये 50 पैशांना. तर नत्राच्या हिशोबानं वर्षभराच्या शेणाची किंमत झाली दीड गोणी युरिया, चारशे रुपये! तुझ्यासारखा मुलगा इथे हसणार आणि शेण शून्य धरणार. पण मग गावात शेणखताची ट्रॉली काय भावानं जाते ते विचारून ये. हजारांत जाते, आणि द्राक्ष-डाळिंबवाले लांबून येऊन घेऊन जातात. ते काय वेडे आहेत का? युरिया नत्र देतो आणि थांबतो. जमीन भुसभुशीत राहणं, पावसात पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला तरी पिकानं तग धरणं, हे गोणीत येत नाही. तुझ्या पत्रातच आहे की वरच्या तुकड्यातली जमीन 'दगड झालीय'. तिथे शेवटचं शेणखत कधी पडलं ते बाबांना विचार.

त्यात पुन्हा आपले उकिरडे. रस्त्याच्या कडेला उघड्यावर ढीग, वरून ऊन, पावसाळ्यात त्यातून काळं पाणी वाहून गटारात. नत्र तर गेलंच. खड्डा कर, सावली कर, गोठ्यातलं मूत आणि खाली सांडलेली वैरण त्यातच जाऊ दे. खर्च फारसा नाही.

आता तुला वाटतं जनावरं तोट्यात आहेत. मला तुझ्या पत्रातली वेगळीच ओळ खटकली, 'पूर्वी दीड-दोन एकर ज्वारी असायची, 2019 नंतर कमी करत आणली, सोयाबीनला पैसा होता.' इथे आहे बघ गोम. आपल्या मराठवाड्यात हे घरोघरी झालंय. सोयाबीन आलं, ज्वारी गेली, ज्वारीबरोबर कडबा गेला. मालदांडी ज्वारी म्हणजे नुसती भाकरी नव्हती, कोरडवाहू एकरात बऱ्या वर्षी सात-आठ क्विंटल नाही झाली तरी चार-पाच क्विंटल ज्वारी आणि वीसेक क्विंटल कडबा, माणसाचं आणि जनावराचं एकाच ताटातून. सोयाबीनचं भुसकट जनावर नाखुशीनं खातं. मग कडबा विकत आला, शेकड्याचा (शंभर पेंढ्यांचा) भाव चढला, आणि आपण म्हणायला लागलो जनावर परवडत नाही. पीक बदललं तुम्ही, बिल लागलं बैलाच्या नावावर.

मिश्र शेती मिश्र शेती म्हणतात ती हीच. चार एकरवाल्याकडे जनावर हा वेगळा धंदा नसतो, तो पिकाचा अर्धा भाग असतो, जे आपल्याला खाता येत नाही ते जनावर खातं आणि त्याचं दूध, मटण, खत, ओढकाम करून देतं. वैरण विकत आणून फक्त दूध विकायचं म्हटलं की तो धंदा झाला, मग धंद्याचे नियम लागू, आणि धंद्यात तुझ्यापेक्षा स्वस्त वैरण आणि बारमाही पाणी ज्याच्याकडे आहे तो तुला मागे टाकणार.

म्हणून दहा गाईंचं मला अवघड वाटतं. एचएफ वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही, देशी गाईचे भक्त माझ्यावर चिडतात ते चिडू देत. मणिभाई देसाईंनी 1967 ला उरुळीकांचनला बाएफ ही संस्था काढली आणि संकरित गाई दारोदारी नेल्या, त्या दुधावर पश्चिम महाराष्ट्रात किती घरं उभी राहिली हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तिथे पाटाचं पाणी होतं, उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) होतं, जवळ डेअरी होती. तुझ्याकडे फेब्रुवारीत तळ दाखवणारी विहीर आहे.

आकडे लावून बघ. दुभती एचएफ दिवसाला 25 किलो ओली वैरण, सहा-सात किलो सुकी, आणि वर पेंड-भुस्सा, अंगाच्या पोषणाला दीड-दोन किलो आणि पुढे लिटरमागे 400 ग्रॅम. दहा गाईंना ओली वैरण रोज अडीच क्विंटल, वर्षाला 90 टन. नेपियरच्या एका एकराला वर्षभर पाणी दिलं आणि खत दिलं तरी 60-70 टन निघाले तर चांगलं म्हणायचं, आणि तुझ्याकडे वर्षभर पाणीच नाही. गाय पिते 60-70 लिटर, धुणं-बिणं धरून शंभर, म्हणजे रोज हजार लिटर, तेही एप्रिल-मेमध्ये जेव्हा गावाला टँकर चालू असतो. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आपण त्याच पट्ट्यातले. 2019 ला चारा छावणीत जनावरं बांधून माणसं तिथेच झोपली होती, तू तेव्हा चाकणला होतास पण बाबा छावणीत असतील. त्यांच्या 'नको'मध्ये तो उन्हाळा पण आहे.

लोनचं पण बोलू. 10 लाख, पाच वर्षं, अकरा टक्के धरलं तर हप्ता महिन्याला 21-22 हजार. दहा गाई म्हणजे दहाही दुधात असं कधीच नसतं, दोन-तीन कायम भाकड नाहीतर गाभण, त्यांनाही खायला लागतंच. माज (गाय फळायची वेळ) चुकला तर 21 दिवस पुढे, दोनदा चुकला तर दीड महिना गेला, आणि ते रिपोर्टमध्ये नसतं. दुधाच्या रेटचं तर विचारूच नको, 2023 च्या शेवटी गाईच्या दुधाचा दर असा पडला की सरकारला 2024 च्या जानेवारीपासून लिटरमागे 5 रुपये अनुदान द्यावं लागलं, आणि दुधाचं फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घनपदार्थ) लागलं नाही की त्यातही कापाकापी. हप्ता मात्र कापला जात नाही. आणि एकाच जातीचं जनावर, एकाच गोठ्यात, तर रोग आला की सगळ्यांना. 2022 ला लम्पी (जनावरांचा त्वचारोग) आली तेव्हा जनावरांचे बाजारच बंद केले होते, म्हणजे विकून मोकळं व्हायचं म्हटलं तरी वाट नाही.

मी हे पोळलेल्या हातानं लिहितेय. आम्ही 2014 ला, तुझ्यासारखंच जोशात, लांबून पाच एचएफ आणल्या. व्यापाऱ्यानं सांगितलेलं दूध इथे आल्यावर पंधरा दिवसांत निम्मं झालं, त्याला मी फसवणूक नाही म्हणणार, वैरण बदलली, पाणी बदललं, ऊन बदललं. पहिल्याच उन्हाळ्यात एक गोचीड तापानं गेली, दुसरीला दगडी (कासेचा रोग) होऊन दोन सड कायमचे बंद. घरात रोज भांडणं. दोन वर्षांनी चार विकल्या, एक ठेवली, आणि गंमत म्हणजे त्या एकीनं पुढे सहा वेतं दिली आणि घर चालवलं. कारण एकीला लागेल एवढी वैरण आमच्या शेतात होती. बास, एवढंच गणित होतं, ते कळायला आम्हाला साडेतीन लाख लागले.

आता बैल. इथे मी तुझ्या बाजूनं जास्त आहे, बाबांनी हे वाचलं तर राग मानू नये. नांगरट ट्रॅक्टरनं होतेच, मळणी मशीननं होते. मग बैल वर्षात किती दिवस जुंपले जातात? कुळवाच्या पाळ्या, पेरणी, तण काढायला दोन कोळपण्या, रब्बीची पेरणी, थोडी गाडी. चार एकरात 35-40 दिवसांच्या वर जात नसणार, आणि खायला 365 दिवस. एका बैलाला दिवसाला दहा किलो सुकी वैरण धर, जोडीचं वर्षाचं सत्तर क्विंटल झालं. तुझ्या अर्ध्या एकरातल्या ज्वारीचा सगळा कडबा, दहा क्विंटल, जोडीनं दीड महिन्यात संपवला. हे एकट्या तुझ्या घरचं नाही, 2019 च्या पशुगणनेत देशभरात गोवंशातले नर सात वर्षांत जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले, गाई मात्र वाढल्या. लोकांनी आपापल्या दावणीला निर्णय घेऊन टाकलाय.

पण ट्रॅक्टर भाड्यानं म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. काळ्या जमिनीत मृगाचा पाऊस झाला, वाफसा (पेरणीजोगी ओल) आला, की गावातले तीन ट्रॅक्टर आणि दीडशे शेतकरी. नंबर लागतो तो आधी मोठ्या रानवाल्याचा. तुझ्या दोन तुकड्यांपैकी ओढ्याकाठच्या तुकड्यात ट्रॅक्टर फिरायला जागा नाही असं तूच म्हणतोस. आणि कोळपणी गेली की तणनाशक आलं, त्याचा खर्च तुझ्या शीटमध्ये नाही. म्हणून विकायचे की ठेवायचे याच्या मधे बरंच काही आहे. आमच्याकडे पूर्वी पैरा असायचा, एक बैल माझा एक तुझा, आज तुझं रान उद्या माझं. तुझ्या चुलत्यांकडे पण जोडी आहे ना? दोन घरांत मिळून चार बैल कशाला, एक जोडी बास, वैरण निम्मी-निम्मी. हे बाबा आणि काका यांच्यात तू काढलास तर भांडण होईल, आईकडून काढ.

आणि विकायचेच ठरले तर थांबून थांबून म्हातारे होईपर्यंत थांबू नकोस. 2015 पासून आपल्या राज्यात गाईबरोबर बैलाच्याही कत्तलीवर बंदी आहे, त्याच्या चूक-बरोबरात मी इथे शिरत नाही, पण त्यामुळे थकलेल्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक राहिलं नाही हे सगळ्यांना माहितीय. कामाचा आहे तोवरच त्याला दुसरा शेतकरी घेतो, आणि त्याला पुढेही काम आणि चारा मिळतो. तुझी जोडी आता जुळलेली, म्हणजे सगळे दात आलेली, आहे म्हणतोस, म्हणजे चार-पाच वर्षं कामाची आहेत. कानातल्या बिल्ल्याची नोंद आधी आपल्या नावावर नीट आहे का बघ, बाराआकडी नंबर, नाहीतर बाजारात अडतं. पोळ्याच्या तोंडावर मात्र हा विषय काढू नकोस बाबा, बैलांच्या शिंगांना बेगड लावत असताना विकायची भाषा केलीस तर तीन महिन्यांचा अबोला तीन वर्षं जाईल.

शेळ्यांना तू शीटमध्ये एक ओळ दिलीस. मी पान दिलं असतं. उस्मानाबादी ही आपल्याच मातीतली, धाराशिवची, उन्हाला न घाबरणारी, बऱ्याचदा जुळी देणारी, गाभण राहिली की पाच महिन्यांत विणारी आणि नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं. एका गाईच्या वैरणीत सहा-सात शेळ्या भागतात, आणि त्यातलं निम्मं बांधावरचा पाला-झुडपं. मुख्य म्हणजे शेळी सुट्टी विकता येते. शाळेची फी आली, एक बोकड. दवाखाना आला, एक पाट, म्हणजे तरणी शेळी. गाय अशी तुकड्यानं विकता येत नाही. दुष्काळात गाय पहिली आटते, शेळी शेवटपर्यंत टिकते. वाढवायचंच असेल तर पहिला पैसा मी इथे टाकेन, सहाच्या दहा-बारा, बाजारातून आणून नाही, घरच्याच पाटी ठेवून, आणि बोकड मात्र दर दोन वर्षांनी बदलून, नाहीतर नात्यातच पैदास होऊन करडं खुरटी निघतात. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस, जंताचं औषध. करडं मरतात ती बहुतेक ओल्या गोठ्यानं, जमिनीपासून वर फळ्यांचा माचा केलास तर अर्धी वाचतात. एकच अट, त्या आईच्या आहेत. तू त्यात 'मॅनेजमेंट' आणायचं असेल तर आधी तिला विचार आणि पैसे तिच्या खात्यावर जाऊ दे. नाहीतर चांगलं चाललेलं बंद पडेल, मी हे तीन घरांत बघितलंय, मुलगा परत आला, शेळ्यांचा 'फार्म' झाला, बोर्ड लागला, आईनं हात काढून घेतला, आणि वर्षाच्या आत बोर्डच राहिला.

कोंबड्यांचं फार बोलत नाही, मानमोडीची लस वेळेवर द्या आणि मुंगसापासून सांभाळा, घरात अंडी होतात, सुनेच्या हातात चार पैसे राहतात.

मग तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं? लोन नसतं काढलं, आणि दावण पण मोकळी केली नसती. या रब्बीत ज्वारी परत दीड एकरावर नेली असती, सोयाबीनचं रान निघालं की हस्ताच्या पावसावर. पुढच्या खरिपात विहिरीखालच्या अर्ध्या एकरात मका, दाणा चिकात आला की कापून कुट्टी (बारीक तुकडे) करून मुरघासाच्या (मुरवलेल्या हिरव्या वैरणीच्या) बॅगा भरायच्या, हवा काढून घट्ट बांधल्या की दीड महिन्यात तयार आणि उन्हाळ्यात तीच ओली वैरण. पाऊस बरा झाला तर अर्ध्या एकरातून सात-आठ टन होतो. बांधाला शेवरी, हादगा, थोडी सुभाभूळ, शेळ्या आशीर्वाद देतील. आणि सगळ्यात आधी कडबा कुट्टीचं मशीन घे, घरगुती लाईटवर चालणारं वीस-पंचवीस हजारात येतं, अख्खा कडबा टाकला की जनावर पान खातं आणि बुडखा तुडवतं, पाव हिस्सा तरी वैरण तिथेच वाचते. म्हणजे चार जनावरांतल्या एकाची वैरण झाली की. अझोल्याचं (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती, जनावरांना घालतात) यूट्यूबवर फार कौतुक आहे, वाईट नाही, हौद करायचा तर कर, पण अझोल्यावर गोठा चालत नाही.

मग वर्षानं, वैरण किती उरली ते बघून, एक दुभती गाय. एकच. देवणी किंवा लाल कंधारी, आपल्या मराठवाड्यातल्या जाती, म्हणशील तर दूध कमी, पण आपलं ऊन आणि आपला कडबा त्यांना मानवतो. संकरित म्हणशील तर ओळखीच्या गोठ्यातली, जवळच्या गावातली, दुसऱ्या वेताची, तीन वेळा स्वतः समोर उभं राहून धार बघून. दहा लिटरची सांगून सहा देणारी गाय बाजारात दर आठवड्याला उभी असते. घरची कालवड आहे तिला चांगल्या वळूचं रेतन कर, आता कालवडच होईल अशी निवडलेली रेतमात्रा पण मिळते, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचार. जनावर आजारी पडलं तर 1962 ला फोन केला की फिरता दवाखाना येतो, नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूनं मोठा लिहून ठेव, फोनमध्ये सेव्ह केलेला ऐनवेळी आईला सापडत नाही.

आणि ज्यांना हे वाचून वाटतंय की आमच्याकडे माणूसबळच नाही, मुलं पुण्याला आणि घरात दोन म्हातारी माणसं, त्यांनी दुसऱ्यांच्या हौसेपायी जनावरं ठेवू नयेत, खरंच. कडबा विका, भुसकट विका, दिवाळीनंतर खतासाठी धनगरांची मेंढरं रानात बसवा, तीन-चार रात्री बसली तरी दोन वर्षं रान बोलतं, त्यांना धान्य किंवा पैसे जे ठरेल ते द्या. शेळ्या अर्ध्या वाट्यानं कुणाला तरी द्या. पिकाचं आणि जनावराचं नातं राहिलं पाहिजे, दावण आपल्याच दारात पाहिजे असं कुठे आहे.

तू विचारलंस बरोबर कोण. बाबा बैलांच्या बाबतीत जरा अडून बसलेत, तू दहा गाईंच्या बाबतीत. एक संध्याकाळ चौघं बसा, तू, बायको, आई, बाबा, लॅपटॉप न उघडता, आणि एवढंच लिहून काढा की सकाळी पाच ते रात्री नऊ जनावराचं कुठलं काम कोण करतं. कागदावर आलं की बाबा पण गप्प होतील आणि तू पण. सूनबाईला विचार, शेणाला हात लावणार नाही ठीक आहे, मग काय करायला आवडेल. कदाचित ती म्हणेल दुधाचा हिशोब आणि डेअरीचे पैसे मी बघते, कदाचित म्हणेल काहीच नाही, मला शिवणकाम करायचंय. दोन्ही उत्तरं चालतील अशी तयारी ठेवून विचार.

आणि नवीन शीट केलीस की मला पाठव. शेळ्यांच्या रकान्यात मात्र आईला विचारल्याशिवाय आकडे भरू नकोस, आणि तिनं सांगितलेला आकडा कमी वाटला तरी खोदून विचारू नकोस.